टोकावरचा चेंडू

नववीला 'गतीचे नियम' शिकवताना मी हमखास विचारते : चेंडू सरळ वर फेकला, तो अगदी टोकाला पोहोचला, त्या क्षणी त्याचा वेग किती? शून्य, हे सगळेच सांगतात. आणि त्वरण, म्हणजे वेग बदलण्याचा दर? तेही शून्य, असं जवळजवळ अख्खा वर्ग म्हणतो. यंदा मागच्या बाकावरची एक मुलगी हटूनच बसली. "मॅडम, जो थांबलाय त्याला त्वरण कुठून येणार?"

शंका रास्त होती. व्याख्या पुन्हा घोकून तिचं समाधान झालं नसतं, आणि "पुस्तकात तसंच दिलंय" हे उत्तर मला स्वतःलाच पटत नाही. दुपारी जोडतास होता. वर्ग मैदानावर नेला.

भिंतीवर मेजरटेप उभी चिकटवली. माझा फोन स्लो मोशनवर, सेकंदाला 240 फ्रेम. तो भिंतीपासून चांगला लांब, स्टुलावर ठेवला. जवळून घेतलं की नजर तिरकी पडते आणि टेपवरचा आकडा चुकतो. चेंडू भिंतीलगत, पण भिंतीला न घासता वर टाकायचा. हे वाटतं तितकं सोपं नाही, बऱ्याच फेकी वाया गेल्या.

एक फेक मनासारखी जमली. तिच्यातली टोकाची फ्रेम शोधली आणि दोन्ही बाजूंना 24-24 फ्रेम सोडत, म्हणजे दर 0.1 सेकंदाला, चेंडू कुठे आहे ते वाचलं. दर टप्प्यातलं विस्थापन त्या मुलीनेच फळ्यावर मांडलं. वर जाताना अधिक, खाली येताना उणे : 34, 25, 15, 5, उणे 5, उणे 15, उणे 24, उणे 34 सेंटिमीटर.

"आता शेजारशेजारच्या आकड्यांतला फरक काढ."

9, 10, 10... आणि 5 वरून उणे 5 वर येताना तिचा खडू थबकला. "इथेही 10च!" टोक नेमकं या दोन टप्प्यांच्या मधे होतं. तिथे थोडा वेळ जरी त्वरण नाहीसं झालं असतं, तर हा फरक कमी भरला असता. पुढचं तीच बोलली, "वेगही शून्य आणि त्वरणही शून्यच राहिलं असतं, तर चेंडू खाली आलाच नसता."

0.1 सेकंदाच्या टप्प्यांत 10 सेंटिमीटरचा फरक, म्हणजे 0.1 सेकंदात वेग 1 मीटर प्रति सेकंदाने बदलला. पूर्ण सेकंदात 10 मीटर प्रति सेकंदाने, म्हणजे त्वरण 10. खरी किंमत 9.8. फोन आणि मेजरटेपवर इतकं जवळ पोहोचता येतं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

उतरतानाचे आकडेही पाहा : 5, 15, 24, 34. जवळपास 1, 3, 5, 7 चं प्रमाण. गॅलिलिओने हेच उतारावरून गोळे सोडून आणि भांड्यात जमलेल्या पाण्याच्या वजनावरून वेळ मोजून शोधलं होतं. हे ऐकल्यावर मुलं पुन्हा फळ्याजवळ गोळा झाली.

"चंद्रावर किती आला असता फरक?" एकाने विचारलं. तिथलं त्वरण सुमारे 1.6, एवढंच मी सांगितलं.

"दीड सेंटिमीटरच्या जरा वर," ती मुलगी म्हणाली. "मग तिथे जास्त फ्रेम सोडाव्या लागतील मॅडम, नाहीतर टेपवर फरक नीट वाचताच येणार नाही."