जॅकेट गळलं नव्हतं

तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. लग्नात, दवाखान्याच्या रांगेत, परवा तर चक्क रामकुंडावर दशक्रियेला, कोणी ना कोणी गाठतंच. "रेनकोटचं दुकान तुमचं, डोंगर चढता तुम्ही, आणि तुम्हीच निवडून दिलेलं महागडं जॅकेट घालून भाऊ गारठला कसा?" त्यालाच जोडून दुसरा प्रश्न, "मग आम्ही कोणतं घ्यावं?" पहिल्याचं उत्तर ऐकल्याशिवाय दुसऱ्याचं देता येत नाही, आणि पहिल्याचं पूर्ण ऐकायला कोणी थांबत नाही.

तर, जॅकेट गळलं नव्हतं. त्याच रात्री मी बाहेरची बाजू वर ठेवून त्याच्या पाठीची झोळी केली, बाथरूममधल्या खुंट्यांना बांधली, तांब्याभर पाणी ओतलं आणि खाली वर्तमानपत्र पसरलं. सकाळी कागद कोरडा. भाऊ आत दोन गोधड्यांखाली पडलेला आणि मी बाथरूममध्ये हे उद्योग करतेय हे पाहून आई जे बोलली ते इथे लिहीत नाही. ती बरोबरच होती. पण मला ते पाहिल्याशिवाय झोप आली नसती.

मी आणि भाऊ त्र्यंबकजवळच्या हरिहर किल्ल्यावर गेलो होतो. जुलै, रविवार. पायथ्याच्या निरगुडपाड्याहून निघालो तेव्हा पाऊस नव्हता, नुसता दमट उकाडा. तरी स्वारीने जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढलेली. आत सुती टी-शर्ट, खाली जीन्स. मी म्हटलं, "अरे चेन उघड, शिजशील." तर म्हणतो, "ताई, ब्रीदेबल आहे ना हे? तूच तर सांगितलंस." सांगितलं होतं, घामाची वाफ बाहेर जाऊ देतं म्हणून. दुकानात, काउंटरच्या मागून, त्याच शब्दांत.

तासाभराच्या चढणीत तो आतून पार भिजला. मग पाऊस आला, आणि कातळाखालच्या मोकळ्या सोंडेवर पोचलो तेव्हा वाराही. तरी काही वाटलं नाही, कारण चालत होतो. चालणारं शरीर चुलीसारखं असतं, ओल्या कपड्यांतही ऊब टिकवतं. खरी गोष्ट पायऱ्यांवर घडली. हरिहरच्या पायऱ्या तुम्हाला माहीत आहेत: उभ्या कातळात कोरलेल्या, बाजूला बोटं अडकवायला खोबण्या, एका वेळी एकच माणूस. वरून उतरणारी एक मुलगी मध्येच घाबरून कातळाला चिकटली. तिला कोणी ओढू शकेना, ती हलेना. खाली आम्ही, आमच्याखाली शंभरेक माणसं. कोणाला पुढे जाता येईना की मागे. उघड्या भिंतीवर वाऱ्याच्या तोंडी आम्ही कितीतरी वेळ नुसते उभे.

आधी तो विनोद करत होता. मग गप्प झाला. मग दात वाजायला लागले, तेव्हाही मी हसले, कारण दात सगळ्यांचेच वाजत होते. मुलगी सुटली, रांग हलली, आम्ही दरवाजातून वर आलो. "टोपी नीट लाव रे," म्हटलं, तर त्याला दोरी धरता येईना. बोटं नुसती कापडावर फिरत होती. काय विचारलं की एखादा शब्द गिळून उत्तर देई. आणि मग तो म्हणाला, "ताई, मी इथंच जरा बसतो, झोप येतेय."

तेव्हा मात्र माझ्या पोटात खड्डा पडला. उतरायच्या त्याच पायऱ्या होत्या, आणि त्या बोटांनी खोबणी धरली नसती.

दरवाजाच्या आडोशाला नेऊन मी त्याचं जॅकेट काढलं. लोक ओरडले, "अहो बाई, पावसात काय काढताय!" टी-शर्टही काढला, पिळला तर धार लागली. माझ्या सॅकमध्ये प्लास्टिकच्या पिशवीत लोकरीचा स्वेटर होता, तो घातला, वर कचऱ्याची मोठी काळी पिशवी भोकं पाडून चढवली, आणि तिच्यावर पुन्हा तेच जॅकेट. गूळ-शेंगदाणे कोंबले. पुण्याच्या कुठल्याशा ग्रुपमधल्या काकांनी थर्मासमधला चहा दिला. त्यांचं नाव विचारायचंही सुचलं नाही. बराच वेळ काहीच फरक नव्हता. मग तो पुन्हा जोरात कापायला लागला आणि मला बरं वाटलं, कारण मधे त्याचं कापणंही थांबलं होतं, आणि ते थांबणं जास्त वाईट. उतरायला संध्याकाळ झाली. प्रत्येक पायरीला मी त्याच्या खाली, त्याचा पाय धरून खोबणीत ठेवत.

हे सगळं त्या जॅकेटसकट घडलं. पाणी बाहेरून आलंच नव्हतं.

आता लेबलावरच्या आकड्यांबद्दल. १०,००० मिमी म्हणजे कापडावर पाण्याचा दाब वाढवत नेतात, आणि तीन ठिकाणी थेंब फुटेपर्यंत दहा मीटर उंच स्तंभाएवढा दाब ते सोसतं. हा आकडा खरा असतो. दुसरा आकडा ब्रीदेबिलिटीचा: दिवसाला चौरस मीटरमागे १०,००० ग्रॅम वाफ. म्हणजे तासाला चारशे ग्रॅमच्या थोडं वर, तेही प्रयोगशाळेत. जोरात चढणाऱ्या माणसाला तासाला लिटरभर घाम येऊ शकतो. शिवाय वाफ आपण होऊन जात नाही, तिला ढकलावं लागतं. अंगाजवळच्या ३४ अंशांच्या ओल्या हवेत वाफेचा दाब साधारण ५३ हेक्टोपास्कल. बाहेर शून्य अंश असेल तर तिथे जास्तीत जास्त ६. आपल्याकडे ढगात बुडालेल्या डोंगरावर २२ अंश धरा, तर २६. आतल्या-बाहेरच्या दाबांतला फरक हाच रेटा, म्हणजे हिमालयात जो मिळतो त्याच्या निम्म्याहून थोडाच जास्त इथे मिळतो. बॉब गोर यांनी १९६९मध्ये टेफ्लॉन झटक्यात ताणून तो सच्छिद्र पडदा शोधला, १९७६पासून गोर-टेक्स बाजारात आलं. तो शोध मोठाच आहे, पण श्रावणातल्या त्र्यंबकच्या डोंगरांचा हिशोब त्यात धरलेला नाही.

त्यात भावजयीने जॅकेट मशीनमध्ये सॉफ्टनर घालून धुतलेलं. (तिला दोष नाही, मी पॅकेटमधला कागद तिच्या हातात दिला नव्हता.) बाहेरच्या कापडावर पाणी झटकणारा जो लेप असतो तो सॉफ्टनरने निकामी होतो. मग थेंब घरंगळत नाहीत, कापड पाणी पितं, अंगावर गार ओलं फडकं गुंडाळल्यासारखं होतं आणि उरलीसुरली वाफही अडते. आत ओला सुती कपडा. पाणी हवेपेक्षा पंचवीसेक पट वेगाने उष्णता वाहून नेतं. बाकी काम वाऱ्याने केलं.

मग काउंटरमागची ती मी खोटं बोलत होते का? ती म्हणेल, "मी आकडा वाचून दाखवला, आकडा खरा होता, आणि तुझंच हिमाचलमधल्या हंप्ता पासचं काय?" तिथे तेच जॅकेट मी दिवसभर घातलं, आत कोरडी राहिले, लाहौलच्या बाजूला उतरल्यावर तर ते अंगावर आहे हेही विसरले. हे मी नाकारू शकत नाही. मी तिला म्हणते, गिऱ्हाईक नाशिकचं आहे, जुलैत येतं, त्याला हंप्ता सांगून काय उपयोग? ती म्हणते, मग काय रबरी कोट विकू? या वादात मी अजून जिंकलेली नाही.

रबरी कोटाला हसू मात्र नका. १८२३मध्ये चार्ल्स मॅकिंटॉशने दोन कापडांत रबर दाबून पेटंट घेतलं, तेव्हापासूनची ती जात आहे. बाबांच्या वेळी दुकानात डकबॅकचे कोट असायचे, चिकटू नयेत म्हणून शंखजिऱ्याची पावडर मारलेले. मे संपता संपता गठ्ठे सोडले की मेनरोडपर्यंत वास. ते वर्षानुवर्षं टिकायचे. घामाने आत भिजायचात, पण ते श्वास घेतात असं कोणी सांगितलेलं नसायचं, म्हणून माणूस बटणं उघडी ठेवायचा.

टिकाऊपणाचं म्हणाल तर जॅकेट पावसाने क्वचित मरतं, माळ्यावर मरतं. ऑक्टोबरात ओलसर घडी करून पिशवीत कोंबायचं आणि जूनमध्ये काढायचं, की आतल्या पॉलियुरेथेनच्या थराचे खवले निघतात, चिकट होतो, शिवणीवरची पट्टी सुटते. दमटपणाने तो थर विघटतोच. मग लोक दुकानात येऊन "माल खराब दिलात" म्हणतात. धुऊन, सुकवून, हँगरला लटकवून ठेवा. लेबलवर परवानगी असेल तर ड्रायरची मंद ऊब द्या, लेप बराचसा जागा होतो. हल्लीचे फ्लोरिन नसलेले लेप पर्यावरणाला बरे, पण तेल-घामाने लवकर हरतात, म्हणून ती जॅकेट जास्त वेळा धुवावी लागतात. "धुतलं की खराब होतं" हे डोक्यातून काढा.

घेताना मी आता आकडा शेवटी बघते. आधी खांदा बघते, कारण सॅकचे पट्टे तिथेच घासतात. अडीच थरांचं (आत अस्तराऐवजी नुसता लेप असलेलं) पातळ जॅकेट तिथेच आधी जातं, तीन थरांचं (आत अस्तर चिकटवलेलं) दम धरतं. सगळ्या शिवणींवर आतून पट्टी आहे का, की फक्त खांद्यावर आणि टोपीवर आहे, हे उलटं करून पाहा. काखेत चेन हवीच. टोपीला पुढे कडक झाप हवी आणि मान वळवली की टोपीही वळायला हवी, नाहीतर हरिहरवर पाय कुठे ठेवताय ते दिसणार नाही. पोंचो, म्हणजे डोक्यातून घालायचा बिनबाह्यांचा सैल कोट, त्यासाठीच मी डोंगरावर नको म्हणते, वाऱ्याने तोंडावर येतो. साध्या वाटेवर मात्र पोंचोसारखी हवा कशातच खेळत नाही, सॅकही झाकली जाते.

गाडीवर जाणाऱ्यांनी माझं वरचं सगळं विसरावं. समोरून वारा पाणी चेनमधून आत दाबतो, मांडीवर तळं साचतं. पीव्हीसीचा दोन तुकड्यांचा सूट, चेनवर दुहेरी पट्टी, बास. आणि कुठे जाताय तेही सांगत जा हो. नाशिक शहरात वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पडतो, इगतपुरीत तीन हजारांच्या पुढे. इगतपुरीच्या वाटेवर वाडीवऱ्हे ओलांडलं की पाऊसच बदलतो. आपण गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीला कुठवर पाणी लागलं त्यावर पाऊस मोजतो, पण ते पाणी बरंचसं त्र्यंबककडे पडलेलं असतं. शहरातल्या कॉलेज रोडवर फिरायला १०,००० मिमी कशाला हवं?

भावाचं म्हणणं वेगळंच आहे. तो म्हणतो, जॅकेट नसतं तर वाऱ्याने मी तिथेच संपलो असतो, त्याला शिव्या देऊ नकोस. मी म्हणते, जॅकेट नसतं तर तू घामाने एवढा भिजलाच नसतास, आणि पाऊस आल्यावर सॅकमधला कोरडा कपडा घातला असतास. तो म्हणतो, माझ्या सॅकमध्ये कोरडा कपडा नव्हताच. बरोबर आहे, नव्हता. आणि जॅकेट नसताना त्याने तो आणला असता का, हे त्यालाही सांगता येत नाही.

यंदा त्याने मला न विचारता नवीन घेतलं, २०,००० मिमीचं, पुन्हा तीन थरांचं, काखेत चेन नसलेलं. मी फक्त आत काय घालणार ते विचारलं. म्हणाला, "तू दुकानदारी करू नकोस, ताई." त्याच्या सॅकमध्ये मी माझाच स्वेटर पिशवीत बांधून ठेवला आहे. त्याने अजून उघडून पाहिलेला नाही.