खाकी नाही, काठी नाही, मग पोलीस कशा?

26 जानेवारीला शाळेत झेंडावंदनाला गेले की पाचवी-सहावीचं एखादं पोरगं विचारतंच, "मॅडम, तुमच्याकडे खाकी नाही, काठी नाही, मग तुम्ही पोलीस कशा?" लग्नात भेटणारे पाहुणेही तेच विचारतात. "आता 112 लावलं की पोलिसांची गाडी येते. मग पोलीस पाटलाचं काम उरलं काय?" इतक्या जणांनी विचारलंत म्हणून एकदा नीट सांगते.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावची पोलीस पाटील. पूर्वी पाटीलकी वतनाची होती, बापाकडून मुलाकडे जायची. 1967 च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियमानंतर ती नेमणुकीची झाली, म्हणूनच माझ्यासारखी गावची सून परीक्षा देऊन इथं बसू शकली. पगार नाही, मानधन आहे. 2024 मध्ये सरकारनं ते 15 हजार केलं. काम म्हणाल तर खबर ठेवणं आणि खबर देणं. पोळ्याच्या तोरणात कोणाची जोडी पुढं यावरून कुठल्या दोन घरांत धुसफूस आहे, हे मला आठवडाभर आधी कळलं पाहिजे. आमच्या बीट जमादारांकडे, म्हणजे आमचा भाग सांभाळणाऱ्या ठाण्यातल्या हवालदारांकडे, 22 गावं आहेत. त्यांना ते कळणार कुठून?

माझं माहेर वर्धा जिल्ह्यातलं. तिथं दारूबंदी, त्यामुळं लहानपणी पोलीस म्हणजे धाड, एवढंच माहीत. पांदणीत जीप दिसली की हातभट्टीवाले तुरीत शिरायचे, आणि ज्यांनी काहीच केलं नव्हतं तेही त्यांच्यामागं पळायचे. आजी दाराला कडी लावायची. आज माझ्याच गावात बायका रात्री अकराला स्वतः फोन करतात, "ताई, गाडी बोलवा." ही भीती कमी झाली, याचा मला फार आनंद आहे. पण पोलिसांकडून लोकांना आता जे हवंय ते काठीनं होत नाही. त्याला वेळेवर पोचावं लागतं आणि खरं लिहावं लागतं.

लिहिण्याचं एवढं काय, असं वाटेल. चार वर्षांपूर्वी आमच्या गावात एका तरुण शेतकऱ्यानं जीव दिला. खबर मीच ठाण्यात कळवली. मर्ग, म्हणजे अकस्मात मृत्यूची नोंद, दाखल झाला, पंचनामा झाला. मग ओसरीत जबाब सुरू झाले. गर्दीतून कोणीतरी म्हणालं, "पेत होता ना तो." जबाब लिहिणाऱ्या पोलिसानं ते लगेच कागदावर घेतलं, आणि तेवढ्यावरच थांबायला लागला. दिवसभराचा थकलेला माणूस होता, मला त्याचा राग नाही. पण ते एक वाक्य काय करतं, हे मला माहीत होतं. शेतकरी आत्महत्येत सरकारी मदत 1 लाखाची. ती मिळायची तर नापिकी, कर्ज, वसुलीचा तगादा हे कागदावर दिसावं लागतं. जिल्ह्याच्या समितीपुढं माणूस जात नाही, कागद जातो.

मी त्याच्या बायकोजवळ जाऊन बसले. सत्तावीस-अठ्ठावीसची पोरगी, मांडीवर लहान लेकरू. विचारलं, बँकेचं काही आहे का घरात? ती उठली, लोखंडी पेटीतून खताच्या दुकानाची प्लास्टिकची पिशवी काढली. सोसायटीचं पासबुक, सातबारा, आणि चार घड्या घातलेली बँकेची नोटीस. घडीवर हळदीचा डाग होता. तिनं विचारलं, "ताई, हे कागद कामाचे हायेत का?" त्या वर्षी दुबार पेरणी करूनही सोयाबीन पिवळं पडलं होतं, हे मला माहीत होतं, कारण आमचंही पडलं होतं. मी म्हटलं, साहेब, हेही लिहा. दारू लिहिली ती राहू द्या, ती खोटी नाही. पण हे सुटलं तर लिहिलेलं सगळंच खोटं होईल. त्यांनी लिहिलं. मग पूर्ण जबाब तिला मोठ्यानं वाचून दाखवला आणि त्यानंतरच कागद मिटला. प्रकरण मदतीला पात्र ठरलं.

तेव्हापासून मी जबाब वाचून दाखवल्याशिवाय कोणाला उठू देत नाही.

1 जुलै 2024 पासून नवे फौजदारी कायदे लागू झाले. आता घडलं कुठंही असो, तक्रार कोणत्याही ठाण्यात नोंदवता येते. ऑनलाइनही देता येते, फक्त तीन दिवसांत सही करावी लागते. मार खाऊन माहेरी आलेल्या लेकीला "सासरच्या ठाण्यात जा" म्हणून परत पाठवता येत नाही. हे मी बचत गटाच्या प्रत्येक बैठकीत सांगते, कारण कायदा बदलल्याचं गावात आपोआप कळत नाही.

आता तर चोर गावात येतच नाही. मागच्या हंगामात एक म्हातारे बाबा संध्याकाळी अनवाणी धावत आले. "सूनबाई, माह्या चुकाऱ्याचे पैसे गेले व!" पीएम किसानच्या नावाची फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर आली, नातवानं दाबली, आणि चुकाऱ्यातले, म्हणजे कापूस विकून आलेल्या पैशातले, 48 हजार गेले. बाबा रडत होते आणि मी त्यांना ओढतच मारुतीच्या पारावर नेत होते, कारण आमच्याकडे रेंज तिथंच. 1930 हा ऑनलाइन फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर लावला. पलीकडून खाते नंबर, वेळ, व्यवहार क्रमांक विचारत गेले, मी मोबाईलच्या उजेडात पासबुक वाचत गेले. ठाण्यात जाऊन सकाळी तक्रार देऊ म्हटलं असतं, तर रातोरात पैसे पुढच्या खात्यांत गेले असते. 27 हजार वाटेतच अडले.

अडलेले पैसे हाती यायला मात्र कागद लागतात, आणि बाबांना एकट्यानं ठाण्यात जायची अजून धास्ती वाटते. सोमवारी पहिल्या एसटीनं आम्ही दोघं पुन्हा तालुक्याला निघालोय. पासबुक आतापासूनच माझ्याकडे आणून ठेवलंय त्यांनी.