तीन धड्यांतले एकच पाणी

शाळेच्या पुस्तकात पाणी आपल्याला तुकड्यातुकड्याने भेटले. एका धड्यात विद्युत अपघटन, दुसऱ्यात असंगत आचरण, तिसऱ्यात कठीण आणि मृदू पाणी. प्रश्नही वेगळे, पाठ केलेली उत्तरेही वेगळी. पाणीतपासणीच्या कामात पडले की लक्षात येते, हे तीन धडे नाहीतच. स्मरणिकेसाठी आठवणी लिहा, असे संपादक मंडळाने कळवले आहे. गमतीजमती बाकीचे मित्र लिहितीलच. मी त्या तीन धड्यांची सांधेजोड करतो.

पाणी हायड्रोजन आणि ऑक्सिजनचे, हे विद्युत अपघटनाच्या धड्यात कळले. बाकी सगळ्याचे मूळ कारण त्यांच्या रेणूच्या आकारात आहे. ऑक्सिजनला दोन हायड्रोजन सरळ रेषेत जोडलेले नाहीत, त्यांच्यात १०४.५ अंशांचा कोन आहे. त्यामुळे ऑक्सिजनची बाजू किंचित ऋण आणि हायड्रोजनची किंचित धन राहते, आणि एका रेणूचा हायड्रोजन शेजारच्याच्या ऑक्सिजनकडे ओढला जातो. हा हायड्रोजन बंध रेणूच्या आतल्या बंधाच्या विसाव्या हिश्शाइतकाही बळकट नसतो, पण एक रेणू असे चार बंध धरू शकतो. हायड्रोजन सल्फाइडचा रेणू पाण्याच्या रेणूपेक्षा जवळजवळ दुप्पट जड, तरी तो उणे ६० अंशांलाच उकळतो. हायड्रोजन बंध नसते तर पाण्याचीही तीच गत झाली असती. मग नदी कुठली आणि रक्त कुठले!

४ अंशांच्या खाली थंड होताना पाणी आकसण्याऐवजी प्रसरण पावते, हे असंगत आचरण म्हणजे याच बंधांची करामत. बर्फात रेणू एकमेकांपासून ठरावीक अंतर राखून जाळीत बसतात, म्हणून पाण्याची घनता १ धरली तर बर्फाची ०.९१७ आणि तो तरंगतो. ४ अंशांचे पाणी सर्वांत जड, ते तळाशी जाते. काश्मीरचे दल सरोवर गोठते तेव्हा वरून गोठते आणि खाली मासे जिवंत राहतात. हे दाखवणारे होपचे उपकरण (पाण्याचे उभे भांडे, मधोमध बाहेरून बर्फाचे भांडे, वर आणि खाली एकेक तापमापी) शाळांतून बहुधा फसते, त्याचे कारण साधे आहे. नळाचे पाणी आपल्याकडे २५ ते २८ अंश असते. ते थंड होईपर्यंत कडेच्या भांड्यातला बर्फ संपून जातो. सुरुवात फ्रिजमधल्या १०-१२ अंशांच्या पाण्याने करावी. बर्फ बारीक फोडून तीन भाग बर्फाला एक भाग मीठ घालावे आणि उपकरणाला बाहेरून कापड गुंडाळावे. पाणी अजिबात हलवायचे नाही. खालचा तापमापी ४ अंशांवर येऊन थांबतो, आणि त्यानंतरच वरचा शून्याकडे सरकू लागतो.

तेच बंध तोडून पाण्याची वाफ करायची तर उष्णता भरपूर लागते. नेहमीच्या तापमानाला एक किलो पाणी उडून जाताना सुमारे २४३० किलोजूल घेऊन जाते. १० लिटरच्या माठातून १०० मिलिलिटर पाणी पाझरून उडाले, तर बाहेरची उष्णता आत आली नाही असे धरून उरलेले पाणी जवळजवळ ६ अंशांनी उतरते. घामाचे गणितही हेच, मात्र घाम अंगावर वाळला तरच. कोकणात तो ओघळून जातो, म्हणून तापमान विदर्भापेक्षा कमी असूनही जीव जास्त कासावीस होतो. माठ दुसऱ्या वर्षी पाणी गार करत नाही अशी तक्रार असते, तिथे आपण तिसऱ्या धड्यात येतो. पाणी उडते, क्षार मागे राहतात, माठावर पांढरे फुटते आणि छिद्रे बुजतात.

रेणूला धन आणि ऋण अशा दोन बाजू असल्यामुळे पाणी मिठासारख्या क्षारांचे आयन, म्हणजे विद्युतभारित कण, सुटे करून प्रत्येकाभोवती कडे करून बसते. मुळांना नत्र आणि पालाश मिळते, रक्तातून सोडियम-पोटॅशियम फिरते ते याच गुणामुळे. पावसाचे पाणी जमिनीत उतरताना मातीतला कार्बन डायऑक्साइड घेते, सौम्य आम्लधर्मी होते आणि आपल्या काळ्या बसाल्टमधून कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम सोडवत खाली जाते. दख्खनच्या बोअरचे पाणी जड, म्हणजे पुस्तकातले कठीण, लागते ते यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियममुळे; त्यांचे प्रमाण म्हणजेच काठिण्य. जड पाण्यात तूरडाळ शिजत नाही, कारण दाण्यातले पेक्टिन कॅल्शियमने घट्ट होते. चिमूटभर खायचा सोडा घातला की डाळ शिजते, पण ब-१ जीवनसत्त्व बरेचसे जाते. रोज सोडा घालण्यापेक्षा डाळीपुरते पाणी आधी उकळून, गाळून घेतलेले बरे.

काठिण्य मोजण्याची पद्धत शाळेच्या प्रयोगशाळेतही सहज जमण्यासारखी आहे. पन्नास मिलिलिटर नमुना शंकूपात्रात घ्यावा, पीएच (आम्ल-अल्कतेचा आकडा) १० वर धरून ठेवणारे अमोनिया बफर १ मिलिलिटर घालावे आणि एरिओक्रोम ब्लॅक टी हा रंग बदलणारा निर्देशक चिमूटभर टाकावा. पाणी द्राक्षासवासारखे लाल होते. मग ब्युरेटमधून, म्हणजे खुणा केलेल्या नळीतून, कॅल्शियम-मॅग्नेशियमला पकडणारे ०.०१ मोलर ईडीटीए थेंबथेंब सोडायचे. लालीत जांभळी झाक दिसू लागली की हात आवरायचा आणि दोन थेंबांमध्ये तीन-चार सेकंद थांबायचे. लालीचा शेवटचा मागमूस जाऊन स्वच्छ निळा रंग आला की थांबावे. या तीव्रतेच्या ईडीटीएचा १ मिलिलिटर म्हणजे १ मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट. १५ मिलिलिटरपेक्षा जास्त लागत असेल तर नमुना २५ मिलिलिटर घेऊन ऊर्ध्वपातित पाण्याने ५० करावा. अशा नमुन्याला ९.२ मिलिलिटर लागले, तर काठिण्य लिटरला ३६८ मिलिग्रॅम.

चूक होते ती बहुतेक बफरमुळे. बाटलीचे बूच सैल राहिले की अमोनिया उडतो, पीएच घसरतो आणि निळा रंग नेमका कधी आला हेच कळत नाही. उलट बफर घालून नमुना तसाच ठेवला तर कॅल्शियमचा साका बसतो आणि आकडा कमी येतो, म्हणून सगळे पाच मिनिटांत उरकावे. निर्देशक पाण्यात विरघळवून ठेवला तर लवकर निकामी होतो. मिठात खलून कोरडा ठेवलेला बरा. तोच नमुना उकळून, गार करून, गाळून पुन्हा मोजला की जो फरक येतो ते तात्पुरते काठिण्य. गीझरच्या कॉइलवर थर बसतो तो याचाच.

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानक १०५०० प्रमाणे काठिण्याची स्वीकार्य मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालते. जड पाण्याला लोक उगाच घाबरतात. खरा धोका कधीकधी मऊ, म्हणजे मृदू, पाण्यात असतो. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या जिल्ह्यांच्या काही भागांत भूजलात फ्लोराइड जास्त सापडते. कॅल्शियम असेल तर फ्लोराइड त्याच्याशी जोडून बरेचसे अविद्राव्य राहते. सोडियम बायकार्बोनेट जास्त आणि कॅल्शियम कमी असलेल्या पाण्यात मात्र ते मोकळे फिरते. असे पाणी चवीला बरे, साबणाला फेसही छान. पण फ्लोराइड लिटरला १.५ मिलिग्रॅमच्या वर असेल, तर तेच वर्षानुवर्षे पिऊन दात पिवळे-तपकिरी पडतात आणि पुढे हाडे धरतात.

म्हणूनच खिशातल्या टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार) मीटरवर पाण्याची परीक्षा करणाऱ्यांचे मला नवल वाटते. ते यंत्र पाण्यातून वीज किती वाहते एवढेच पाहते. क्षार कोणता, हे त्याला कळत नाही आणि जंतू तर दिसतच नाहीत. ३०० आकडा दाखवणाऱ्या पाण्यात फ्लोराइड लिटरला ३ मिलिग्रॅम असू शकते, आणि ६०० दाखवणारे पाणी पिण्याजोगे असू शकते. आकडा पाहून आरओ विकत घेणाऱ्याने आधी एकदा पूर्ण रासायनिक तपासणी करून घ्यावी.

पाण्यात विरघळलेला प्राणवायू हा सजीवांच्या दृष्टीने सर्वांत नाजूक हिशेब. २० अंशांच्या पाण्यात लिटरला ९.१ मिलिग्रॅम मावतो, ३० अंशांना ७.५ च्या आसपासच. शेततळ्यात कटला-रोहू पाळणारे दुपारी तपासतात आणि निश्चिंत होतात. दुपारी शेवाळ प्राणवायू सोडत असते. रात्री तेच शेवाळ तो खाते आणि पहाटे सर्वांत कमी उरतो. मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करतात ते पहाटेच, त्यातून आधीचा दिवस ढगाळ असेल तर हमखास. प्राणवायू मोजण्याच्या विंकलर पद्धतीत मँगेनीज सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड घातल्यावर साका तपकिरी आला तर प्राणवायू आहे, पांढराच राहिला तर संपला. बाटलीत हवेचा एक बुडबुडा अडकला तरी आकडा फुगतो.

विहिरीत टीसीएल पावडर (ब्लीचिंग पावडर) टाकण्याचे काम गावोगाव चालते, पण बेताने नाही. व्यास ३ मीटर आणि पाण्याची खोली ४ मीटर असेल, तर पाणी सुमारे २८,२६० लिटर. हजार लिटरला ५ ग्रॅम धरले तर १४० ग्रॅम पावडर पुरते. बादलीत लगदा करून पाणी घालावे, दहा मिनिटे ठेवून फक्त वरची निवळी विहिरीत सोडावी. खालचा चुना टाकला तर काठिण्य आपणच वाढवतो. अर्ध्या तासाने लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम मोकळा क्लोरीन उरायला हवा. पीएच ८.५ च्या पुढे असेल तर तेवढा क्लोरीन असूनही जंतू नीट मरत नाहीत, हे ध्यानात ठेवावे. उघड्यावर ठेवलेल्या पावडरचा क्लोरीन उडून जातो, मग मात्रेला अर्थ राहत नाही.

आपल्या बोअरचे पाणी तपासायला द्यायचे असेल तर मोटर दहा मिनिटे चालू ठेवावी. दोन लिटरचा स्वच्छ कॅन त्याच पाण्याने तीनदा विसळून काठोकाठ भरावा. वर हवा राहिली तर कार्बन डायऑक्साइड निसटतो, पीएच वाढतो आणि कॅल्शियम तळाशी बसते. जंतुपरीक्षेची बाटली वेगळी असते, प्रयोगशाळेतून निर्जंतुक करून मिळते. तिच्यात क्लोरीन मारणारे थायोसल्फेट आधीच घातलेले असते, म्हणून ती विसळायची नाही. बर्फाच्या डब्यात ठेवून चोवीस तासांच्या आत पोचवावी, आणि चिठ्ठीवर नमुन्याची जागा, तारीख, वेळ याबरोबर शेवटची टीसीएल कधी टाकली तेही लिहावे.