माशीचा चाकू

आमच्या भागात खिशात चाकू बाळगणारी माणसं दोनच प्रकारची समजली जातात. एक तर केळीच्या बागेत कामाला असणारी, नाही तर पोलीस ठाण्याच्या वहीत नाव असणारी. मी जळगावात बँकेत नोकरीला आहे. त्यामुळे दुपारच्या डब्यानंतर मी खिशातून चाकू काढून पेरू कापायला घेतला, तेव्हा शेजारच्या टेबलावरचे साहेब खुर्ची किंचित मागे सरकवून बसले.

खरं तर घाबरण्यासारखं त्यात काही नाही. पातं जेमतेम चार इंचाचं. नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पातं असेल तर शस्त्र कायद्याच्या परवान्याची भानगड येते, तिथपर्यंत माझी मजल नाही. रामपुरीसारखा खटकाही नाही. दोन्ही हातांनी, नखाच्या खाचेत नख अडकवून तो उघडावा लागतो, म्हणजे मारामारीच्या वेळी समोरच्याला ‘जरा थांबा’ म्हणावं लागेल. तरीही सणासुदीला किंवा निवडणुकीत पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली बंदी आदेश निघाला की मी तो गुपचूप कपाटात ठेवतो. आणि सरकारी कार्यालयात काम असेल त्या दिवशी दारातल्या तपासणीच्या धाकाने तो समोरच्या पानटपरीवर ठेवून जातो. टपरीवाला तो सुपारीच्या डब्यात टाकतो.

चाकू फ्रान्सचा. तिथे लग्योल नावाचं गाव आहे. लिहितात तसं, पण म्हणतात ‘लायोल’. डोंगराळ, गुराढोरांचा मुलूख. १८२९च्या सुमाराला तिथे चाकूचा हा घाट जन्मला, १८८०च्या सुमाराला त्याला बाटलीचं बूच काढायचा स्क्रू जोडला गेला. माझ्याला तो नाही, आमच्या रावेर तालुक्यात त्याचा उपयोग काय? मुठीवर बारीक खिळ्यांनी काढलेला एक क्रूस असतो. रानात देवळाची सोय नसलेले मेंढपाळ चाकू पावात खोचून त्या क्रूसासमोर प्रार्थना करत, असं सांगतात. आणि पातं मुठीला मिळतं तिथे, वरच्या बाजूला, कोरलेली मधमाशी.

मी हे सगळं बायकोला रंगवून सांगितलं. तिने चाकू उजेडात धरला आणि विचारलं, “अहो, याच्यावर माशी का बसलीय?”

मी म्हटलं, मधमाशी आहे ती. नंतर वाचलं तर कळलं, ही मधमाशी असते त्या स्प्रिंगच्या टोकाला फ्रेंच कारागीर ‘मूश’ म्हणतात, म्हणजे माशीच. हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.

तिचा पुढचा प्रश्न अर्थातच किमतीचा होता. मी “पंधराशे” म्हणालो. आता इथे खोटं बोलून चालणार नाही: त्याच्या पुढे एक शून्य होतं.

एवढे पैसे कशासाठी, याचं उत्तर मी स्वतःला बरेच दिवस देत होतो. अशा चाकवाला साहेबी चाकू म्हणतात. कोटाच्या खिशात मावेल असा सडपातळ, दिसायला दागिन्यासारखा. त्याचा पूर्वज पिसाच्या लेखणीला टोक काढायचा, म्हणून इंग्रजीत त्याचं नाव पेननाइफ. फारसीतही कलमतराश म्हणजे तेच. आपल्याकडे बोरू तासणाऱ्या कारकुनाजवळही असा एक असायचाच. म्हणजे मी कारकुनाच्याच परंपरेत आहे, असं म्हणून मी पंधरा हजार पचवले. फक्त बोरू गेला, आणि माझ्या टेबलावर पेन्सिलसुद्धा उरली नाही.

मग महिनाभर त्या चाकवाने मी काय कापलं? पार्सलची चिकटपट्टी, पेरू, शर्टाचा लोंबता दोरा, पुतणीची पेन्सिल (ती टोकयंत्रानेच बरी होत होती, असं तिचं मत). बाकी वेळ तो खिशात हाताला लागायचा, एवढंच. पण ते हाताला लागणं काही कमी नव्हतं. लांबलचक बैठकीत ऑलिव्हच्या लाकडाची ती गुळगुळीत मूठ अंगठ्याने चाचपत बसलं की साहेबांचं बोलणं सुसह्य होई. तेवढ्यासाठी एखादा नदीतला गोटाही चालला असता, हे मला तेव्हाही कळत होतं.

डिसेंबरात शेतावर भरीत होतं. बामणोदची वांगी, हिरवी, तेलकट कांतीची. कापसाच्या पऱ्हाट्यांचा जाळ पेटला, भरीत ठेचायची लाकडी बडगी धुऊन आली, आणि तेवढ्यात कोणी तरी ओरडलं, “विळा कुठंय रे?” विळा शेजारच्या बागेत गेला होता. बायको सहज म्हणाली, “यांच्या खिशात आहे ना तो पंधराशेवाला.”

पंधराशेचा चाकू कोण नाही म्हणून खिशात ठेवेल? खरी किंमत सांगितली असती तर वांग्यांचं भरीत झालं नसतं, माझं मात्र झालं असतं. दिला. आधी वांग्यांच्या गोणीची सुतळी कापली गेली. मग कांद्याची पात. मग वांग्यांना चिरा. साडूच्या पोराने मध्येच तो खट्खट उघडमीट करून पाहिला. हे पातं असं आपटून मिटायचं नसतं, आत धार स्प्रिंगवर आदळते, हे मी वाचलेलं होतं. सांगायला तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. शेवटी जेवायला केळीची पानं हवी होती. आमच्या बागेचे जुने आप्पा चाकू घेऊन बागेत शिरले आणि मी जाळाकडे तोंड करून बसलो.

केळीचा चीक ज्याच्या कपड्यावर पडलाय त्याला सांगायला नको. आधी पाण्यासारखा, संध्याकाळी तांबूस, दुसऱ्या दिवशी काळा, आणि मग जन्माचा. त्यात मी मोठ्या जाणतेपणाने स्टेनलेस न घेता कार्बन पोलादाचं पातं घेतलेलं, कारण त्याला धार गोड लागते. वांग्याने आणि चिकाने ते पातं तासाभरात निळं-काळं झालं. पिवळसर मुठीवर चिकाचे दोन ओघळ उतरले होते. मधमाशीच्या पंखांत कांद्याची पात.

आप्पांनी पातं राखेने घासलं, धोतराला पुसलं, अंगठ्यावर धार पाहिली. त्यांचा स्वतःचा विळा गावातल्या लोहाराने ट्रकच्या कमानपाट्यातून ओढलेला आहे. त्याची मूठ तीनदा बदलली, पातं तेच. अशा माणसाने पसंतीची मान हलवली, तेव्हा मला खरंच बरं वाटलं. महिनाभरात मी ऐकलेलं ते पहिलं कौतुक होतं.

“पोलाद चांगलं हाये भाऊ. मूठ जरा बारकी. कितीले पडला?”

बायको पुऱ्या वाढत होती. मी म्हटलं, “पंधराशे.”

“मंग महाग नाही,” आप्पा म्हणाले. “मले बी एक मांगवा.” आणि बंडीच्या खिशातून पाचशेच्या तीन नोटा काढून त्यांनी माझ्या पानाशेजारी ठेवल्या. वर पाण्याचा पेला, उडू नयेत म्हणून.

“मलाही भाजीला एक मागवा,” बायको म्हणाली.

त्या रात्री मी बराच वेळ मोबाइल घेऊन बसलो. फ्रान्सनेच वाचवलं. तिथल्या सव्हॉय भागातल्या जोसेफ ओपिनेल नावाच्या माणसाने १८९०मध्ये शेतकऱ्यांसाठी एक चाकू काढला. बीचच्या लाकडाची मूठ, एक पातं, आणि १९५५पासून मुठीच्या गळ्यात एक फिरती कडी: कडी फिरवली की पातं बोटावर मिटत नाही. साहेबीपणा शून्य. किंमत माझ्या खोट्याच्या आसपास. आठ नंबरच्या मापाचे दोन मागवले.

आप्पांना तो इतका आवडला की त्यांनी मुठीला भोक पाडून सुतळी ओवली आणि कमरेला बांधला. माझा पुन्हा खिशात आहे. मुठीवरचे डाग गेले नाहीत, आणि पानटपरीवर ठेवताना पूर्वीसारखं मागे वळून पाहणंही होत नाही.

बायकोने तिचा खोक्यातून काढला, कडी फिरवून पाहिली, मेथीच्या जुडीचा दोरा सपकन कापला. मग पातं खिडकीकडे तिरपं धरलं. ओपिनेलच्या पात्यावर मुकुट आणि हाताचा पंजा असा शिक्का असतो.

“अहो,” ती म्हणाली, “याच्यावर माशी नाहीये.”

मी वर्तमानपत्र वाचत होतो.

“माशीचे वेगळे पैसे पडतात का?”