रताळ्याचा पाला कापला की खाली काय होतं, तीन वरंब्यांचा निकाल

मंडळी, दसऱ्यानंतर लावलेल्या रताळ्यांचा निकाल लागला एकदाचा. मागं विचारलं होतं कुणीतरी की पाल्याची भाजी पण खायची आणि रताळी पण काढायची, दोन्ही जमतं का, म्हणून यावेळी मुद्दाम तसाच प्रयोग केला.

जागा पाचगावातली, घरामागं थोडी मोकळी जमीन आहे तीच, काळी माती. चंदगडकडच्या तांबड्या मातीत रताळं जसं सुटं आणि सरळ येतं तसं आमच्याकडं येत नाही हे आधीच सांगतो. ५ ऑक्टोबरला तीन वरंबे केले, दर वरंब्यावर ८ वेल, शेंड्याकडचे फूटभर तुकडे लावले. शेणखत बेतानं आणि चुलीतली राख घातली, युरिया अजिबात नाही, गेल्या वर्षी युरिया मारून वेल असा माजला की बघणारे थांबून बघायचे आणि खाली नुसत्या मुळ्या.

पहिला वरंबा हातच लावायचा नाही, फक्त वेल उचलून परतायचा कारण सरीत पसरला की पेरापेराला मुळ्या धरतो. दुसऱ्याचे ४५ दिवसांनंतर पंधरा दिवसाला शेंडे खुडायचे, चार बोटं एवढेच, भाजीपुरते. तिसरा विळ्यानं कापायचा, वैरणीला.

तिसऱ्याची आयडिया माझी नव्हती. शेजारच्या मावशींच्या दोन म्हशी आहेत, त्या रोज कुंपणावरनं बघायच्या आणि म्हणायच्या, "एवढा पाला हाय आणि म्हशीला न्हाई म्हणतोस व्हय रं?" शेवटी म्हटलं मावशी हा एक वरंबा तुमचा, पण बाकी दोनला हात नाही लावायचा.

४ डिसेंबर, ६० वा दिवस. वीतभर वेल ठेवून बाकी सगळा कापला, ४ किलो भरला. हाताला चीक लागला तो दोन दिवस काळा राहिला, साबणानं पण जाईना. आता खरी गंमत इथं आहे. मला वाटलेलं आठवड्यात फुटेल परत, पण थंडी पडलेली आणि रताळ्याला थंडी मानवत नाही, पंधरा दिवस नुसते खुंट. रताळं म्हणजे बटाट्यासारखं खोड नव्हे, ते मूळ आहे, आणि पहिल्या दीड-दोन महिन्यात कुठली मुळी फुगणार आणि कुठली तशीच बारीक राहणार हे बरंचसं ठरून जातं. त्यानंतर वरच्या पानांनी साखर करायची आणि खाली पाठवायची, असं पोसत जातं ते. नेमकं त्या वेळी आपण पानं काढली की पाठवायला काही उरत नाही, उलट जी शिल्लक असेल ती आधी नवीन पानं करण्यात जाते. कापून महिना होत आला तेव्हा खुरप्यानं जरा उकरून बघितलं, बोटाएवढीच. तरी हट्टानं ३ जानेवारीला परत कापला, ठरलं होतं म्हणून. अडीच किलो. दुसऱ्यांदा कापायला नको होतं असं आता वाटतं पण मग प्रयोग कसला.

दुसऱ्या वरंब्याचं सोपं होतं. शेंडा खुडला की बगलेतनं दोन फुटवे यायचे, वेल आखूड पण दाट झाला. भाजी लसूण आणि शेंगदाण्याच्या कुटात परतली, आईनं आधी नाक मुरडलं, "पाला काय माणसं खातात व्हय", मग भाकरीबरोबर दोनदा वाढून घेतली. कोवळीच घ्या, जून पानाचा देठ चावत नाही.

२ फेब्रुवारीला, १२० व्या दिवशी, तिन्ही वरंब्यांचा वेल बुडापासनं कापला आणि ८ तारखेला खणलं. काढणीच्या पाचसहा दिवस आधी वेल कापला तर उत्पन्नाला काही होत नाही, रताळी तोवर पोसलेली असतात, साल पण जरा घट्ट होते.

पहिला वरंबा ५ किलो २००. दुसरा ४ किलो ७००. तिसरा १ किलो ९००, आणि त्यातली निम्मी अशी की विकत कुणी घेणार नाही. शिवाय तिसऱ्यात पानांची सावली गेल्यामुळं काळी माती तडकली आणि त्या भेगांतनं सोंड्या भुंगा शिरला, दोन रताळी पोखरलेली, अशी कडू होतात की जनावर पण तोंड लावत नाही. वेळेवर मातीची भर दिली असती तर वाचली असती, तो माझा आळस.

आता वैरणीचा हिशोब. तिसऱ्याचा तीनदा मिळून पाला ९ किलो. पहिल्याचा शेवटी एकदाच कापला तो ७ किलो. म्हणजे २ किलो जादा वैरणीसाठी मी सव्वातीन किलो रताळी घालवली, बसलो ना डोकं धरून. शेंडे खुडून अर्धा किलो गेलं त्याचं दुःख नाही, चारपाच वेळची भाजी झाली. आणि ते अर्धा किलो पण खुडण्यामुळंच गेलं असं छातीठोक म्हणणार नाही, आठच वेल, शिवाय तो वरंबा नळाच्या बाजूला असल्यानं पाणी जादा प्यायला. पण तिसऱ्याचा फरक नळामुळं नाही एवढं नक्की.

रताळी सावलीत पसरून ठेवलीत, आठ दिवसांनी गोडी वाढते, महाशिवरात्रीला बरोबर येतील. मावशींना सांगून टाकलं, पुढच्या वेळी मधे कापायचं नाही, शेवटच्या आठवड्यात सगळाच्या सगळा पाला न्या. तर म्हणतात, "तवर म्हशीनं काय उपास धरायचा व्हय?"