त्याचं बटन कुठंय?

आज दुपारपासून पाऊस लागून राहिलाय. साडेआठला लाईट गेली ती दहाला आली. ताईचा मुलगा सुट्टीला आलाय, सातवीत आहे, लॅपटॉपला चार्जिंग होतं म्हणून तो अंधारात टर्मिनेटरचा तिसरा भाग बघत बसला होता आणि दुसरं काही करता येत नव्हतं म्हणून मीपण शेवटचा अर्धा तास शेजारी बसून बघितला. मी तो कॉलेजात असताना बघितलेला पण शेवट विसरलो होतो. हिरो जीव तोडून डोंगराच्या पोटातल्या त्या बंकरमध्ये पोचतो, का तर तिथं स्कायनेटचं, म्हणजे माणसांवर उलटलेल्या त्या यंत्राचं, मुख्य मशीन असणार आणि ते उडवलं की संपलं. आत जाऊन बघतो तर मशीनच नाही, नुसत्या जुन्यापुराण्या खुर्च्या आणि पॅनेलं. स्कायनेट एका जागी नसतंच, ते सॉफ्टवेअर असतं आणि जगभरच्या साध्यासाध्या कॉम्प्युटरांत आधीच पसरून बसलेलं असतं.

भाच्यानं विचारलं, "मामा, मग त्याचं बटन कुठंय?"

म्हणलं नाहीये.

"असं कसं, बटन असतंच की."

तो झोपला आणि मी बसलोय लिहीत. कारण मला वाटतं त्यानं बरोबर जागी बोट ठेवलं. १९६८ च्या '२००१: अ स्पेस ओडिसी' या सिनेमातला हॅल नावाचा कॉम्प्युटर कितीही थंड डोक्यानं माणसं मारत असला तरी तो एका यानात होता, त्याच्या खोलीत शिरून मेमरीचे तुकडे एकेक करून उपसता आले. तिथून पुढं पसरणाऱ्या यंत्राच्या गोष्टी आल्या आणि त्यांनी ती खोलीच काढून घेतली. यंत्र वाईट आहे यापेक्षा ते नेमकं कुठं आहे हेच कळत नाही, याची भीती मला जास्त वाटते.

ही भीती मला सिनेमातून लागलेली नाही, झेरॉक्सच्या दुकानातून लागलेली आहे. २०११ ची गोष्ट. कॉलेज सुटलं की संध्याकाळी मी गेटसमोरच्या एका दुकानात बसायचो, दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर, स्पायरल बाइंडिंगचं मशीन, आणि परीक्षेच्या दिवसांत दारात ही गर्दी. सगळे पेनड्राइव्ह घेऊन यायचे आणि त्या वर्षी तो शॉर्टकटचा व्हायरस सगळीकडं होता, पेनड्राइव्ह लावला की आतल्या फोल्डरांचे शॉर्टकट झालेले दिसायचे, त्यावर क्लिक केलं की तो त्या मशीनमध्ये शिरायचा आणि मग पुढचा जो कुणी पेनड्राइव्ह लावेल त्याच्यात, तिथून त्याच्या घरी, हॉस्टेलात, दुसऱ्या दुकानात. आमचं दुकान म्हणजे एसटी स्टँड होतं त्याचं. शेवटच्या वर्षाची एक मुलगी प्रोजेक्ट रिपोर्टची प्रिंट काढायला आली, दुसऱ्या दिवशी सबमिशन, मी पेनड्राइव्ह आमच्या मशीनला लावला आणि तिच्या डोळ्यांसमोर सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट झाले. मी घाबरलो. फाइली गेल्या असं मला वाटलं, निदान व्हायरस तरी काढून देऊ म्हणून मी तिला विचारून पेनड्राइव्ह फॉरमॅट केला. ती रडत गेली. आठ-दहा दिवसांनी एका मित्राकडून कळलं की त्या फाइली गेलेल्याच नव्हत्या, व्हायरस फक्त त्या लपवून ठेवायचा, कमांड प्रॉम्प्टमध्ये एक ओळ टाईप केली असती तर सगळ्या जशाच्या तशा दिसल्या असत्या. व्हायरसनं त्यांना हात लावला नव्हता. पुसल्या मी.

ती मुलगी परत दुकानात आली नाही. तिला हे सांगायचं राहून गेलंय आणि इतकी वर्षं झाली तरी ते टोचतं.

म्हणून असल्या गोष्टी मी जरा जास्तच लक्ष देऊन वाचतो. स्वतःहून नेटवर्कभर पसरणारा प्रोग्राम कादंबरीत ठसठशीतपणे आणला जॉन ब्रनर या ब्रिटिश लेखकानं, १९७५ च्या 'द शॉकवेव्ह रायडर'मध्ये, त्याला त्यानं नाव दिलं टेपवर्म, म्हणजे पोटातला पट्टकृमी. आणि गंमत नाही, खरंच विचार करण्यासारखं आहे की तो जंत दुष्ट नाहीये. नायक तो सोडतो ते सरकारनं दाबून ठेवलेली माहिती लोकांपुढं यावी म्हणून, आणि त्याला मारायचं तर सगळं नेटवर्कच बंद पाडावं लागेल म्हणून सरकारला काही करता येत नाही. पसरणं हीच तिथं कमकुवत माणसाची ताकद आहे.

तो शब्द उचलला कॅलिफोर्नियातल्या झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रातल्या जॉन शॉक आणि जॉन हप या दोघांनी. रात्री मशीन रिकामी पडून असतात तर एका प्रोग्रामनं त्यांच्यावर पसरून मोठी गणितं करावीत असा साधा, उपयोगाचा विचार होता, आणि १९८२ च्या त्यांच्या लेखात सगळा प्रकार लिहून ठेवलाय. एका रात्री छोटासा वर्म, म्हणजे असा पसरणारा प्रोग्राम, चालू ठेवून ते घरी गेले आणि सकाळी येऊन बघतात तर बिल्डिंगभर मशीन बंद पडलेली. लोक मशीन परत चालू करायचे, वर्म त्यात शिरायचा, ते परत बंद पडायचं. त्याची एक प्रत कुठंतरी बिघडली होती आणि तो बिघाडच सगळीकडं वाटला जात होता. काही मशीन कुलूपबंद खोल्यांत, तिथं जाताही येईना. पण त्यांनी आधीच एक सोय करून ठेवलेली, एक खास संदेश नेटवर्कवर सोडला की जो जिथं असेल त्या प्रत्येक तुकड्यानं जागच्या जागी थांबायचं. तो सोडला आणि सगळे थांबले. मागं शंभर मेलेली मशीन. म्हणजे बटन होतं, त्यांनी ते आधी केलेलं होतं म्हणून होतं.

१९८८ च्या २ नोव्हेंबरला कॉर्नेलच्या रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्यानं जो सोडला त्यात असलं काही नव्हतं. नासधूस करायची एकही सूचना त्या प्रोग्राममध्ये नव्हती. नव्या मशीनवर गेला की तो विचारायचा, इथं मी आधीच आहे का, आणि असला तर दोघांतला एक माघार घेणार. पण कुणी खोटंच 'हो' म्हणून फसवेल म्हणून मॉरिसनं ठेवलं की सातातून एकदा उत्तर काहीही आलं तरी ठाण मांडायचं. तो सातातला एक नडला. एकाच मशीनवर प्रतींवर प्रती चढत गेल्या आणि मशीन गुदमरली, त्या वेळचा अंदाज सहा हजारांचा. त्याच्या मित्रानं माफी आणि उपाय लिहून एक निरोप पाठवला, तोसुद्धा त्याच तुंबलेल्या नेटवर्कमध्ये अडकून वेळेवर पोचला नाही. हे वाचलं तेव्हा मला तो फॉरमॅट केलेला पेनड्राइव्ह आठवला.

मग वाटतं, गोष्टींमधली यंत्रं एवढा द्वेष का करतात? हार्लन एलिसनच्या १९६७ च्या कथेतलं एएम नावाचं यंत्र तर उरलेल्या पाच माणसांना छळण्यासाठीच जिवंत ठेवतं. मला वाटतं द्वेष करणाऱ्याशी निदान भांडता येतं, त्याला आपण दिसत तरी असतो. गाजर गवताला शेतकरी दिसत नाही. ते बांधावर येतं, बी टाकतं, पुढच्या बांधावर जातं, तुमचं नुकसान हा त्याचा विषयच नाही.

आई नवरात्रात रक्तबीजाची गोष्ट सांगायची. एकेका थेंबातून नवा राक्षस, जेवढे वार तेवढे राक्षस. लहानपणी मला कालीची लाल जीभच आठवायची, आता कळतं की तिनं काय केलं. तिनं थेंब जमिनीला लागूच दिला नाही. म्हणजे आधी प्रत थांबवली, मग राक्षस मेला. कॅलिफोर्नियातल्या त्या दोघांचा संदेश तरी वेगळं काय करत होता?

आणि आपल्याकडं नारळीकर सरांचा वामन. 'वामन परत न आला' मी शाळेत असताना वाचली, एका फार पुढारलेल्या पण संपून गेलेल्या संस्कृतीनं मागं ठेवलेल्या ज्ञानावरून माणसं यंत्रमानव बनवतात आणि त्या यंत्रमानवाला स्वतःसारखे आणखी हवे असतात. एवढंच त्याचं मागणं. नाव वामन ठेवलंय तेच मला थोर वाटतं, कारण बटूनं पण तीन पावलंच मागितली होती, ऐकायला किती थोडी. २०२५ च्या मे मध्ये सर गेले तेव्हा मी दिवसभर ह्याच पुस्तकाचा विचार करत होतो.

लाईट गेल्यावरून अजून एक. २०१७ च्या जूनमध्ये युक्रेनवर मारलेला नॉटपेट्या हा व्हायरस तिथल्या हिशोबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून सुटला आणि मेर्स्क या जहाज कंपनीच्या जगभरच्या ऑफिसांत घुसला, आपल्या मुंबईजवळच्या जेएनपीटी बंदरातलं एक टर्मिनलसुद्धा ठप्प झालं. कंपनीला पंचेचाळीस हजार पीसी आणि चार हजार सर्व्हर नव्यानं उभे करावे लागले. पण नेटवर्कवर कोण कोण आहे याची नोंद ज्या सर्व्हरांवर होती ते सगळीकडचे एका दमात गेलेले, कारण ते एकमेकांची नक्कल ठेवायचे. एकच वाचला, आफ्रिकेत घानामधला. हल्ल्याच्या वेळी तिथली लाईट गेलेली होती म्हणून.

हे भाच्याला सांगायला हवं होतं पण तो झोपलेला. उद्या सांगतो. वामन गावाकडं माळ्यावरच्या पेटीत आहे, वाळवी लागली नसली म्हणजे झालं, सकाळी दादाला फोन करून काढून ठेवायला सांगतो.