गाणं गेलं जर्मनीला, पैसे अडकले गिरगावात

स्वतःचं संगीत इंटरनेटवर विकायचं कसं, असं मला विचारणारे बहुतेक जण माइक कुठला घेतला आणि मिक्सिंग कुणी केलं इथून सुरुवात करतात. बँकेच्या पासबुकावर तुझं नाव कसं छापलंय, हे आजवर एकानेही विचारलेलं नाही. मी हल्ली समोरच्याला आधी हेच विचारते.

रेकॉर्डिंगचं फार सांगत बसत नाही. जनाबाई आणि तुकोबांचे अभंग, चाली माझ्या, पखवाज आणि बेस गिटार मित्रांची. गोरेगावात एकाच्या घरी, वरच्या मजल्यावरचं ड्रिलिंग बंद असेल तेव्हा केलं. विकायला बँडकॅम्प हे संकेतस्थळ निवडलं, कारण तिथे ऐकणारा फाइल विकत घेतो आणि ती त्याचीच होते. डिजिटल विक्रीतले १५ टक्के ते ठेवतात, वर्षभरात ५,००० डॉलरच्या वर विक्री गेली तर १० टक्के. या दुसऱ्या आकड्याशी माझा संबंध वाचण्यापुरताच आहे. ५ डॉलरच्या अल्बममागे ७५ सेंट त्यांचे, शिवाय पैसे पोहोचवणाऱ्यांचं शुल्क वेगळं. गाणी वेव्ह, एआयएफएफ किंवा फ्लॅक या मूळ दर्जाच्या फाइलींमध्येच चढवावी लागतात, एमपीथ्री चालत नाही; घेणाऱ्याला मात्र हवी तर एमपीथ्री उतरवता येते. कव्हर किमान १४०० बाय १४०० पिक्सेलचं. एका संध्याकाळी पान तयार. गाण्यांची नावं देवनागरीत आणि रोमनमध्ये, दोन्ही लिहा. परदेशातले मराठी लोकसुद्धा रोमनमध्येच शोधतात.

पहिला अल्बम जर्मनीतल्या कुणा अनोळखी माणसाने घेतला. ठरवलेल्या किमतीपेक्षा जास्त देण्याची सोय तिथे ठेवता येते. त्याने ५ च्या जागी ८ डॉलर दिले. मग न्यू जर्सीतल्या एका मावशींनी घेतला, त्यांच्या मैत्रिणींनी घेतला. विक्री होत होती, पैसे येत नव्हते.

हे पैसे भारतात आणून देणाऱ्या पेपाल या कंपनीला आपल्याकडून पॅन, बँक खातं आणि रिझर्व्ह बँकेच्या यादीतला पर्पज कोड, म्हणजे पैसे कशाचे आले हे सांगणारा क्रमांक, इतकंच हवं असतं. त्यातलं पॅनवरचं नाव आणि खात्यावरचं नाव जुळलं पाहिजे.

माझं खातं बाबांनी मी शाळेत असताना काढलेलं. गिरगावची शाखा. तेव्हाच्या पद्धतीने आडनाव आधी, मग माझं एक अक्षर, मग बाबांचं एक अक्षर. पॅनवर माझं पूर्ण नाव, बाबांचं पूर्ण नाव आणि आडनाव शेवटी. आपल्याकडे ज्यांची खाती जुनी आहेत, त्यांनी एकदा पासबुक उघडून बघाच. इतकी वर्षं त्या खात्यात शिकवण्यांची फी येत होती, लाइटबिल कापलं जात होतं, कुणाची तक्रार नव्हती. परदेशातल्या संगणकाला मात्र ती दोन वेगळी माणसं वाटली.

बरं, मधल्या काळात ती बँक दुसऱ्या मोठ्या बँकेत विलीन झालेली. बाहेरची पाटी बदलली, पेनाला बांधलेली दोरी तीच राहिली.

मी राहते दहिसरला. तिथल्या शाखेत गेले तर "नावातला बदल होम ब्रँचलाच होणार". ऑनलाइन बँकिंगच्या काळात होम ब्रँच म्हणजे काय, असं विचारायचा मोह झाला, पण काचेपलीकडच्या बाईंनी पुढचं टोकन पुकारलं होतं. मग बोरिवलीहून फास्ट, मुंबई सेंट्रलला उतरून स्लो, चर्नी रोड. बँक उघडायच्या वेळेला पोहोचायचं म्हणजे ऐन गर्दीतली गाडी.

"लग्नानंतरचं नाव लावायचंय का?"

"नाही. पॅनवर आहे ते."

"मग बदल काय आहे? नाव तर तेच आहे."

"तेच आहे, पण पूर्ण लिहायचंय."

"इनिशियल म्हणजे पूर्णच की, मॅडम."

दोन्ही नावांची व्यक्ती एकच आहे, असं प्रतिज्ञापत्र आणा म्हणाले. ऑक्टोबर २०२४ पासून महाराष्ट्रात १०० रुपयांचा स्टॅम्प पेपर गेला आणि ५०० चा आला, तो घ्यावा लागला. बोरिवली कोर्टाबाहेरच्या नोटरीने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, शिक्का मारला. प्रतिज्ञापत्र, पॅन, आधार, फोटो, पासबुकाची झेरॉक्स, सगळं दिलं. मग कळलं, नाव एकाने भरायचं असतं आणि दुसऱ्याने पास करायचं असतं. भरणाऱ्याने भरलं, पास करणारे साहेब ट्रेनिंगला गेले. ते परत आले तेव्हा भरणारा रजेवर होता आणि माझे कागद त्याच्या ड्रॉवरमध्ये होते. ड्रॉवरला कुलूप.

याच दरम्यान माझ्या तोंडून "परदेशातून पैसे यायचेत" असं निघून गेलं, आणि मला मॅनेजरांच्या केबिनमध्ये पाठवण्यात आलं.

"एक्स्पोर्ट आहे का तुमचं?"

"गाणी विकते."

"सीडी पाठवता?"

"नाही. फाइल. लोक डाउनलोड करतात."

"म्हणजे माल जात नाही."

"नाही."

"मग पैसे कशाचे?"

त्यांनी शिपिंग बिल मागितलं. शिपिंग बिल हा कस्टमचा कागद आहे, बंदरातून किंवा विमानतळावरून माल बाहेर पाठवताना लागणारा. माझा अभंग कुठल्याच बंदरातून जात नाही. हे मी नम्रपणे सांगितलं. मग त्यांनी पार्टीचं नाव विचारलं, म्हणजे परदेशातलं गिऱ्हाईक कोण. एक पार्टी नाही, पुष्कळ माणसं आहेत आणि प्रत्येकाचे चार-पाच डॉलर आहेत, हे ऐकल्यावर त्यांनी खुर्ची मागे ढकलली. "हे बचत खात्यात चालणार नाही, करंट खातं काढा." शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थांना राहवलं नाही. "अभंग यूट्यूबवर फुकट असतात ना, मॅडम?" याला माझ्याकडे उत्तर भरपूर होतं. पण जेवणाची सुट्टी जवळ आली होती आणि कागद अजून ड्रॉवरमध्येच होते.

मॅनेजर वाईट माणूस नव्हते, हे मला आता घरी बसून म्हणता येतं. त्यांच्या हातात सगळे नमुने मालाचे होते आणि माझ्याकडे माल नव्हता. तेव्हा मात्र चर्नी रोडच्या पुलावर उभं राहून मी जे बोलले ते इथे लिहिता येत नाही.

शेवटी काम झालं ते एका पत्राने. साध्या कागदावर टाइप करून नेलं: "मी स्वतः निर्माण केलेल्या ध्वनिमुद्रणाच्या डिजिटल प्रती परदेशी ग्राहकांना विकते. कोणताही माल देशाबाहेर जात नाही, त्यामुळे शिपिंग बिल लागू नाही." खाली मी निवडलेला पर्पज कोड, इंग्रजी पी आणि पुढे चार आकडे असा असतो तो, आणि सोबत विक्रीच्या यादीचं प्रिंटआउट. यादीची बेरीज पाहून मॅनेजरांचा चेहरा बदलला. "एवढेच?" म्हणाले. "मग राहू द्या बचत खात्यातच." अपमान आणि सुटका एकाच वाक्यात झाली. मी सुटका घेतली.

पर्पज कोडची ती यादी बघून घाबरू नका. सॉफ्टवेअर, सल्लागार, पर्यटन असलं पुष्कळ त्यात असतं. आपल्याला हक्क आणि परवान्यांचं किंवा ध्वनी-चित्र सेवांचं काहीतरी शोधायचं असतं. कुठला घ्यावा ते सीएला एकदा विचारून घ्या. माझ्या सीएने फोनवर सांगितलं, पैसे घेतले नाहीत, पण अल्बमही घेतला नाही.

तरी नावाचा बदल रखडलेलाच होता. तेव्हा मी लेखी तक्रार दिली आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, सही अशी पोच घेतली. शेवटी एक वाक्य टाकलं: ३० दिवसांत उत्तर न आल्यास रिझर्व्ह बँकेच्या एकात्मिक लोकपाल योजनेखाली तक्रार करीन. ही योजना १२ नोव्हेंबर २०२१ पासून आहे, तक्रार ऑनलाइन करता येते, फी नाही. पण आधी बँकेकडे लेखी तक्रार केलेली हवी, म्हणून पोच जपायची. त्या वाक्यानंतर कुलपाची किल्ली सापडली. तोंडी बोलण्यात मी जेवढे दिवस घालवले, ते सगळे त्या पोचेवर ओवाळून टाकावेत असं मला आजही वाटतं. पहिल्याच दिवशी अर्ज दोन प्रतींत न्या.

नाव बदललं. नवीन पासबुक मिळालं. कंपनीकडे खातं पुन्हा जोडलं. खातं खरं आहे का हे बघायला ते दोन फुटकळ रकमा पाठवतात आणि त्या किती आल्या ते आपण त्यांना कळवायचं असतं. रकमा येईनात. का? नव्या कोऱ्या पासबुकावर बँकेने आयएफएससी कोड छापला होता विलीनीकरणाच्या आधीचा, कधीच बंद झालेला. फोनवर विचारलं तर म्हणे, "तो जुना स्टॉक आहे." तेव्हा विलीन झालेल्या बँकेत खातं असेल तर पासबुकावर विसंबू नका. रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर शाखा शोधून कोड बघा, किंवा नवं चेकबुक मागवून त्यावरचा वाचा.

बरोबर कोड टाकल्यावर त्या दोन रकमा आल्या. दोन्ही मिळून चहासुद्धा येणार नाही. मी स्वयंपाकघरात ओरडले तेव्हा आई म्हणाली, "एवढ्यासाठी गिरगावला जात होतीस?" त्यानंतर अडकलेले सगळे पैसे एकदम आले, जर्मनीवाल्याच्या ८ डॉलरांसकट.

आता जे आठवतंय ते सांगते. पैसे परदेशातून आल्याचा दाखला कंपनीच्या खात्यातून उतरवून ठेवा, विवरणपत्र भरताना लागतो.

देशातल्या श्रोत्यांचं वेगळंच आहे. पैसे आणणाऱ्या त्या कंपनीने भारतातल्या भारतात होणारे व्यवहार १ एप्रिल २०२१ पासून बंद केले. म्हणजे न्यू जर्सीच्या मावशी माझा अल्बम घेऊ शकतात, ठाण्याची सख्खी मावशी त्या पानावरून घेऊ शकत नाही. तिच्यासाठी मी यूपीआय ठेवलंय. कार्यक्रमाला दाराशी क्यूआर कोडचा कागद असतो. पैसे आल्याचं दिसलं की व्हॉट्सअ‍ॅपवर फ्लॅक आणि एमपीथ्री दोन्हींची लिंक पाठवते. खरं सांगायचं तर मुंबईत एका चांगल्या मैफलीनंतर त्या कागदावर जेवढे येतात, तेवढे पानावर महिन्यात येत नाहीत. लोक आधी विचारतात "सीडी नाही का?", मग फोन काढतात.

चालीबद्दल. अभंगांचे शब्द सगळ्यांचे आहेत. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी शब्द मोकळे होतात आणि तुकोबांना जाऊन साडेतीन शतकं उलटली. पण रेडिओवर ऐकलेली प्रसिद्ध चाल अलीकडच्या संगीतकाराची असते आणि तिच्यावर हक्क असतो. "तीच चाल गा ना, जास्त खपेल," असं मला घरातूनच सांगण्यात आलं. कॉपीराइट कायद्याच्या ३१सी कलमात दुसऱ्याचं गाणं पुन्हा रेकॉर्ड करायची वाट आहे, मूळ रेकॉर्डिंगला पाच वर्षं झाल्यावर. पण त्यात दर वर्षी किमान ५०,००० प्रतींची रॉयल्टी भरावी लागते. मी गुपचूप स्वतःच्या चाली बांधल्या.

पखवाजवाल्याशी आणि बेसवाल्याशी वाटणी किती, हे पान उघडायच्या आधी लिहून घ्या. आमचं व्हॉट्सअ‍ॅपवर आहे, तेवढ्याने आजवर भागलंय.

आणि बँडकॅम्प फ्रायडे. मार्च २०२० मध्ये कोविडच्या दिवसांत सुरू झालेला हा प्रकार, ठरावीक शुक्रवारी ते आपला हिस्सा सोडतात. तारखा आधी जाहीर होतात. तो दिवस कॅलिफोर्नियाच्या घड्याळाने मोजतात, म्हणजे आपल्याकडे शुक्रवारी दुपारी साडेबाराला सुरू आणि शनिवारी साडेबाराला बंद. त्यांच्या हिवाळ्यात दोन्ही वेळा एक तास पुढे. परदेशातल्या मित्रमैत्रिणींना शुक्रवारी सकाळी मेसेज टाकलात तर ते लगेच घेऊन मोकळे होतील आणि १५ टक्के जातील. दुपारच्या जेवणानंतर टाका.